‘व्लादिमीर’ म्हणजे खरोखरच जगाचा स्वामी? एका स्लाव नावाचा अर्थ आणि इतिहास

रशियन इतिहासावरील एका मजकुराचा मराठी अनुवाद चालू असताना विचारला गेलेला प्रश्न असा आहे: ‘व्लादिमीर’ या नावाला तळटीप द्यायची आहे, तर तीत ‘जगाचा स्वामी’ असा अर्थ लिहावा की ‘शांततेचा अधिपती’ असा? दोन्ही अर्थ ठिकठिकाणी छापलेले आढळतात. त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत. रशियाचे अध्यक्ष ‘व्लादिमीर’ आणि युक्रेनचे अध्यक्ष ‘व्होलोदिमिर’, तर ही दोन नावे आहेत की एकच, ही पहिली. आणि या नावाचे संस्कृतशी काही नाते आहे का, ही दुसरी. रशियन शिकवण्यात आणि दुभाषाचे काम करण्यात माझी तीस वर्षे गेली. या तीनही शंका दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, म्हणून एकदा नीट सविस्तर लिहून ठेवते.

नाव एकच आहे. त्याच्या पूर्वपदाचा अर्थ ‘सत्ता, राज्य करणे’ असा आहे आणि त्याविषयी वाद नाही. उत्तरपदाचा मूळ अर्थ मात्र ‘जग’ही नव्हता आणि ‘शांतता’ही नव्हता, तो ‘थोर, ख्यातकीर्त’ असा होता. म्हणजे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात ‘सत्तेने थोर झालेला’ किंवा ‘ज्याच्या राज्यकारभाराची कीर्ती आहे असा’ काहीसा भाव असणार. ‘जगाचा स्वामी’ हा अर्थ या नावाला नंतर चिकटला, आणि तो इतका घट्ट चिकटला की आज खुद्द रशियन माणसाला विचारले तर तोही बिनदिक्कत हाच अर्थ सांगतो.

पूर्वपदापासून सुरुवात करू. स्लाव भाषा एकमेकींपासून दुरावण्याआधीच्या काळात या पदाचे रूप साधारण ‘वोल्द’ असे होते असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. गॉथिक, म्हणजे गॉथ या प्राचीन जर्मानिक टोळ्यांच्या, भाषेतील ‘वाल्दान’, जर्मनमधील ‘वाल्टन’ आणि लिथुएनियन भाषेतील ‘वाल्दीती’ ही ‘राज्य करणे, ताब्यात ठेवणे’ या अर्थाची क्रियापदे त्याची सख्खी भावंडे आहेत. आता स्लाव जिभेला स्वर, त्यानंतर ‘र’ किंवा ‘ल’, आणि त्यानंतर लगेच दुसरे व्यंजन, अशी रचना सोसेनाशी झाली, तेव्हा तिने ती निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या रीतीने सोडवली. दक्षिणेकडे, म्हणजे बल्गेरियन आणि सर्बियन बोलणाऱ्यांत, आणि चेक भाषेतही, अक्षरे उलटून ‘व्लाद’ झाले, पोलिशमध्ये ‘व्लोद’च्या वळणाचे रूप आले, आणि पूर्वेकडे, जिथे पुढे रशियन, युक्रेनियन आणि बेलारूशियन भाषा घडल्या, तिथे ‘ल’च्या दोन्ही बाजूंना स्वर बसवून ‘व्होलोद’ असे ऐसपैस रूप तयार झाले.

हा नियम कोरडा वाटत असला तरी मराठी वाचकाला त्याची उदाहरणे न कळत ठाऊक असतात. ‘बेलग्रेड’मधला ‘ग्राद’ आणि ‘नोव्हगोरोद’मधला ‘गोरोद’ हे दोन्ही ‘नगर’ याच अर्थाचे एकच शब्द आहेत; पहिले रूप दक्षिणेचे, दुसरे पूर्वेचे. मग लेनिनग्राद रशियात असून ‘लेनिनगोरोद’ का नाही? कारण रशियात दक्षिणेकडची रूपे धर्मग्रंथांबरोबर आली. बायबलचे आणि प्रार्थनांचे भाषांतर ज्या जुन्या बल्गेरियन वळणाच्या भाषेत झाले, ती चर्चची स्लावोनिक भाषा रशियात शतकानुशतके भारदस्त लेखनाची भाषा होऊन राहिली, आणि त्यामुळे रशियनमध्ये एकाच मूळ शब्दाची दोन रूपे नांदू लागली: एक घरचे, एक देवळाचे. ‘आवाज’ याला रोजच्या बोलण्यात ‘गोलोस’ म्हणतात, पण गोर्बाचेव्ह यांच्यामुळे आपल्या वर्तमानपत्रांत घर करून बसलेल्या ‘ग्लासनोस्त’मध्ये, म्हणजे कारभारातील खुलेपणात, देवळाचे रूप ‘ग्लास’ आहे. आपल्या प्रस्तुत धातूचीही अशीच जोडी आहे. ‘व्लास्त’ म्हणजे सत्ता, आणि ‘वोलोस्त’ म्हणजे खेड्यापाड्यांचा एक प्रशासकीय गट, साधारण आपल्या जुन्या परगण्यासारखा. मराठीत ‘क्षेत्र’ आणि ‘शेत’ जसे शेजारी शेजारी राहतात, पण एक सभेत जाते आणि दुसरे बांधावर, तसाच हा संसार आहे.

तेव्हा ‘व्लादिमीर’ हे देवळाचे रूप आणि ‘व्होलोदिमिर’ हे घरचे रूप. कीव्हमध्ये राज्य केलेल्या दहाव्या शतकातील राजपुत्राच्या नाण्यांवर ‘व्लादिमिर सिंहासनावर, आणि हे त्याचे चांदीचे नाणे’ अशा आशयाचा मजकूर आहे, म्हणजे नाण्यावर भारदस्त रूप आहे. मात्र पुढच्या काळातील बखरवजा इतिवृत्तांत त्याच माणसाला ‘व्होलोदिमेर’ म्हटले आहे, कारण लोक त्याला तसेच म्हणत असणार.

आता खरी गुंतागुंत उत्तरपदाची. जुन्या हस्तलिखितांत हे पद दोन प्रकारे लिहिलेले सापडते. एका प्रकारात मधला स्वर सरळ ‘इ’ आहे. दुसऱ्या प्रकारात तिथे ‘यात’ नावाचे अक्षर आहे, ज्याचा उच्चार ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या मधला, लांबट असा होता आणि जे रशियनमध्ये पुढे ‘ये’मध्ये विरघळून गेले. ‘यात’ असलेले रूप जुने मानण्याचे कारण असे की त्याला नात्यागोत्याचा आधार आहे. गॉथिकमध्ये ‘मेर्स’ म्हणजे प्रसिद्ध, थोर. जुन्या उच्च जर्मनमध्ये ‘मारी’ म्हणजे तेच. आयरिशमधला ‘मोर’ म्हणजे मोठा. पाचव्या शतकातील ऑस्ट्रोगॉथ राजाचे ‘वालामीर’ हे नाव आणि जर्मन-डॅनिश ‘वाल्डेमार’ हे नाव याच साच्यातले आहे. स्लावांनी हे उत्तरपद वारशाने सांभाळले की गॉथ शेजाऱ्यांकडून उचलले, यावर तज्ज्ञांत दोन मते आहेत. माझे स्वतःचे मत असे की उसने घेतले असलेच तर ते घरात आधीपासून असलेल्या वस्तूशेजारी ठेवण्यासाठी घेतले असावे, कारण स्लाव नावांमध्ये ते फार लवकर आणि फार मोकळेपणाने वावरताना दिसते.

जुन्या उच्चाराची साक्ष गावांच्या नावांनी फार चांगली जपली आहे. पश्चिम युक्रेनमधल्या वोलिन प्रांतात याच राजपुत्राच्या नावाचे एक प्राचीन शहर आहे. त्यावर हक्क सांगणाऱ्या हंगेरीच्या राजाने तेराव्या शतकाच्या आरंभी आपल्या बिरुदावलीत त्या प्रदेशाचे नाव लॅटिनमध्ये ‘लोदोमेरिया’ असे घातले, आणि ऑस्ट्रियाने 1772 मध्ये पोलंडचा लचका तोडला तेव्हा तेच जुने बिरुद शोधून काढून नव्या प्रांताला ‘गॅलिसिया आणि लोदोमेरिया’ असे नाव दिले, जे 1918 पर्यंत टिकले. या ‘लोदोमेरिया’तला ‘मेर’ पाहा. परक्या कानाने ऐकलेला स्वर ‘ए’कडे झुकणारा होता. मॉस्कोच्या पूर्वेला क्ल्याझ्मा नदीवर असलेल्या व्लादिमीर शहराचेही जुने नाव ‘व्होलोदिमेर’ असेच होते, फक्त त्यातला शेवटचा ‘र’ मृदू होता. हा मृदू ‘र’ म्हणजे मालकी दाखवणारा प्रत्यय: माणूस ‘व्होलोदिमेर’, आणि त्याचे ते गाव ‘व्होलोदिमेऱ्य’. यारोस्लाव्हचे गाव ते ‘यारोस्लाव्ल’, हाही तोच प्रत्यय. आज रशियनमध्ये शहर आणि माणूस यांच्या नावांत काही फरक उरलेला नाही, पण जुन्या काळी ‘व्लादिमीरला गेलो’ म्हणजे गावाला की माणसाकडे, हे शेवटच्या अक्षरावरून कळत असे.

मग ‘मेर’चे ‘मिर’ का झाले? कारण ‘मेर’ हा शब्द स्वतंत्रपणे वापरातून गेला आणि त्याच्या अगदी जवळच्या उच्चाराचा ‘मिर’ हा शब्द रोजच्या वापरात होता. नावातला एखादा तुकडा अर्थहीन झाला की माणसे तिथे ओळखीचा शब्द बसवतात. ही मुद्दाम केलेली फेरफार नसते, कानाला सवयीचे वाटते तेच हात लिहितो. हे फार लवकर घडले. पूर्व स्लावांच्या सर्वांत जुन्या दिनांकित ग्रंथांपैकी एक म्हणजे 1056-57 मध्ये नोव्हगोरोदच्या नगराधिपती ओस्त्रोमिर यांच्यासाठी ग्रिगोरी नावाच्या डीकनने, म्हणजे चर्चमधील कनिष्ठ धर्मसेवकाने, लिहिलेली शुभवर्तमानाची पोथी. तिच्या शेवटी लेखनिकाने जी नोंद केली आहे, तीत एका व्लादिमीरचा उल्लेख ओघात येतो आणि तिथे स्वर ‘इ’ आहे. म्हणजे अकराव्या शतकातच नवा अर्थ जुन्याच्या शेजारी येऊन बसला होता.

आणि हा ‘मिर’ शब्द स्वतःच दुहेरी. त्याचा अर्थ ‘शांतता, सलोखा’ असाही आहे आणि ‘जग’ असाही. शिवाय एकत्र नांदणारी गावकी, तिलाही ‘मिर’च म्हणत. सलोख्याने राहणारा समाज, आणि आपला समाज म्हणजेच आपले जग, अशी ही अर्थांची साखळी समजली की विरोध वाटत नाही. आपल्याकडे एका पिढीने स्वस्तात मिळणारी ‘मीर प्रकाशना’ची विज्ञान आणि गणिताची पुस्तके वाचली, त्या नावाचा अर्थ कोणी ‘शांती’ सांगे, कोणी ‘विश्व’, आणि दोघेही बरोबर असत.

तरीही तळटिपांमध्ये ‘शांतता’पेक्षा ‘जग’च अधिक का आढळते, याचे एक कारण लेखनपद्धतीत आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही. 1918 च्या लेखनसुधारणेपूर्वी रशियन लिपीत ‘इ’साठी दोन मुख्य अक्षरे होती: एक आजचे नेहमीचे, आणि दुसरे डोक्यावर टिंब असलेली सरळ उभी रेघ. शाळेत पोरांना घोकवले जाई की शांततेचा ‘मिर’ नेहमीच्या अक्षराने लिहायचा आणि जगाचा ‘मिर’ टिंबाच्या अक्षराने. उच्चार अगदी सारखा, फरक फक्त कागदावर. मराठीतल्या ‘दिन’ आणि ‘दीन’ यांच्या फरकाइतकाच. आणि व्लादिमीर हे नाव मान्य पद्धतीप्रमाणे टिंबाच्या अक्षराने लिहिले जाई. म्हणजे शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला डोळ्यांनीच शिकवले जात होते की या नावात ‘जग’ आहे. सुधारणेने टिंबाचे अक्षर काढून टाकले, ‘यात’ही गेले, आणि दोन्ही ‘मिर’ कागदावरही एक झाले. पण तोपर्यंत ‘जगाचा स्वामी’ हा अर्थ शब्दकोशातून नव्हे, तर सवयीतून पक्का झाला होता.

इतिहासाकडे वळताना एक गंमत आधी सांगितली पाहिजे. या नावाचा सर्वांत जुना ठळक धनी कीव्हचा नाही, बल्गेरियाचा आहे. ज्याने बल्गेरियाला ख्रिस्ती धर्म दिला तो बोरिस राजा 889 मध्ये राज्य सोडून मठात गेला आणि गादीवर आला त्याचा मुलगा व्लादिमिर. त्याने जुने देव परत आणण्याचा घाट घातला. 893 मध्ये म्हातारा बोरिस मठातून बाहेर आला, मुलाला पदच्युत करून त्याचे डोळे काढले, आणि धाकट्या सिमेऑनला गादीवर बसवून पुन्हा मठात निघून गेला. पहिला नामांकित व्लादिमीर असा ख्रिस्ती धर्म मोडू पाहणारा होता. आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी दुसऱ्याने तो धर्म कीव्हमध्ये आणला व त्या एका कृत्यामुळे हे नाव अमर झाले.

हा दुसरा म्हणजे व्लादिमीर स्व्यातोस्लाविच. कीव्हच्या राजघराण्याचे मूळ स्कँडिनेव्हियन होते आणि सुरुवातीची नावेही तिकडचीच: ओलेग म्हणजे हेल्गी, ओल्गा म्हणजे हेल्गा, ईगोर म्हणजे इंग्वार. ईगोर आणि ओल्गा यांनी मुलाचे नाव स्व्यातोस्लाव्ह ठेवले, तेव्हा घराण्यात प्रथमच स्लाव नाव शिरले. व्लादिमीर हा त्या स्व्यातोस्लाव्हचा मुलगा, पण राणीपोटी झालेला नव्हे. त्याची आई मालुशा ही ओल्गाच्या वाड्यातली, किल्ल्या सांभाळणारी दासी. पोलोत्स्कच्या राजकन्येला, रोग्नेदाला, त्याने मागणी घातली तेव्हा ‘मी दासीपुत्राचे जोडे काढणार नाही’ असे उत्तर तिने दिल्याचे इतिवृत्तात नोंदवले आहे, कारण नववधूने वराचे जोडे काढायचे अशी तिकडची रीत होती. उत्तराची किंमत तिच्या बापाने आणि भावांनी जिवाने मोजली आणि तिला त्याच्याशीच लग्न करावे लागले. ज्याच्या नावातच ‘सत्तेने थोर’ असा अर्थ आहे, त्याला आयुष्याच्या सुरुवातीला हे ऐकावे लागले होते, हे तळटिपेत मावणार नाही, पण अनुवादकाला माहीत असलेले बरे.

988 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, बायझंटाइन सम्राट दुसरा बेसिल याची बहीण ॲना हिच्याशी लग्न केले, आणि पेरून या मेघगर्जनेच्या देवाची लाकडी मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून नदीपर्यंत फरफटत नेवविली. बारा माणसे तिला काठ्यांनी बडवत चालली होती. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. बाप्तिस्म्यात त्याला ‘वासिली’ हे नाव मिळाले, सम्राट मेहुण्याच्या नावाचे रशियन रूप. म्हणजे धर्मदृष्ट्या ‘व्लादिमीर’ हे त्याचे नाव राहिलेच नव्हते. ते मूर्तिपूजकांचे नाव होते. पण लोक त्याला त्याच नावाने ओळखत राहिले आणि 1015 मध्ये तो त्याच नावाने मेला.

ही दोन नावांची रीत पुढे कित्येक पिढ्या चालली. त्याचा पणतू व्लादिमीर मोनोमाख, 1053 ते 1125, आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या उपदेशाच्या आरंभीच सांगतो की आजोबा यारोस्लाव्ह यांनी माझे बाप्तिस्म्याचे नाव वासिली आणि रूसी नाव व्होलोदिमिर ठेवले. बाप्तिस्म्याचे एक, ‘रूसी’ एक, आणि दोन्ही पणजोबांचीच. आपल्याकडे मृत आजोबा-पणजोबांचे नाव नातवाला देण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी हे इतके जुळते की वर्गात हे सांगितल्यावर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. मोनोमाखची नात इंगेबोर्ग डेन्मार्कच्या राजघराण्यात दिली होती; 1131 मध्ये तिला मुलगा झाला, त्याचे नाव या पणजोबावरूनच ‘वाल्डेमार’ ठेवले गेले, आणि तो पुढे डेन्मार्कचा राजा वाल्डेमार पहिला झाला. गॉथांच्या आणि स्लावांच्या भाषांत वेगळे वाढलेले हे दोन चुलत शब्द असे लग्नाच्या वाटेने पुन्हा एकत्र आले.

चर्चने बाप्तिस्म्यासाठी फक्त संतांची नावे मान्य केल्यामुळे जुनी स्लाव नावे एकामागून एक मागे पडली. जी टिकली ती बहुधा कोणी ना कोणी संत त्या नावाचा झाला म्हणून टिकली. कीव्हच्या व्लादिमीरला लगेच संतपद मिळाले नाही. त्याच्या आधी त्याचे खून झालेले मुलगे बोरिस आणि ग्लेब संत झाले. बापाचा संत म्हणून उल्लेख तेराव्या शतकापासून सापडू लागतो. त्याची पुण्यतिथी 15 जुलै. आणि 1240 मध्ये नोव्हगोरोदचा राजपुत्र अलेक्झांडर नेव्हस्की याने नेव्हा नदीवर स्वीडिश सैन्याचा पराभव केला तोही 15 जुलैलाच, त्यामुळे त्या तारखेला आणि त्या नावाला वजन आले असे मानले जाते. तरीही कितीतरी शतके हे नाव मुख्यतः राजेरजवाड्यांचे राहिले. शेतकऱ्याच्या घरात पोर जन्मले की पाद्री पंचांग उघडून इवान, वासिली, प्योत्र असे काहीतरी ठेवी. व्लादिमीर ठेवण्याचा विचार फारसा कोणाला सुचत नसे.

एकोणिसाव्या शतकात ते सुशिक्षितांत पसरले. कोशकार दाल, भूरसायनशास्त्रज्ञ व्हेर्नाद्स्की, कवी मायाकोव्स्की, कादंबरीकार नबोकोव्ह ही सगळी त्या काळातील व्लादिमीर मंडळी. 1870 मध्ये जन्मलेल्या व्लादिमीर उल्यानोव्ह, म्हणजे लेनिन, यांच्यामुळे विसाव्या शतकात ते घराघरात गेले आणि सोव्हिएत संघातील सर्वांत प्रचलित नावांत जाऊन बसले. ज्या माणसाने चर्चला देशोधडीला लावले, त्याच्यामुळे एका संताचे नाव इतके फोफावले, ही विसंगती रशियनांनाही मौजेची वाटते. त्या काळात लेनिन यांच्या नावाचे तुकडे जोडून नवी नावेही घडवली गेली: व्लादलेन, व्लादिलेन, विलेन, आणि मुलीसाठी ‘निनेल’, म्हणजे लेनिन उलटे वाचून.

आता हाक मारण्याविषयी, कारण अनुवादात संवाद असतील तर इथे चुका होतात. व्लादिमीरचे लाडके नाव ‘वोलोद्या’. त्याहून घरगुती ‘वोवा’. आणि वोवाहून लहान ‘वोवोच्का’. हा वोवोच्का रशियन विनोदांतला वात्रट शाळकरी पोरगा आहे, अगदी आपल्या बंड्यासारखा. पण पाहण्यासारखी गोष्ट अशी की औपचारिक नाव देवळाच्या वळणाचे, ‘व्लादिमीर’, असले तरी लाडके नाव मात्र ‘व्लाद्या’ न होता ‘वोलोद्या’ झाले. दाखल्यावर चर्चचे रूप चढले आणि अंगणात आई मारत असलेली हाक तीच जुनी, ‘व्होलोदिमेर’मधून आलेली राहिली. हजार वर्षांपूर्वीचा घरगुती उच्चार ऐकायचा असेल तर कागदपत्रांपेक्षा लाडक्या नावावर अधिक विश्वास ठेवावा.

‘व्लाद’ हे रूप सहसा ‘व्लादिस्लाव्ह’चे असते. नवखी दुभाषी असताना एका कारखान्यात आलेल्या व्लादिमीर नावाच्या वयस्क अभियंत्यांना आपुलकी दाखवावी म्हणून मी ‘व्लाद’ म्हटले; ते क्षणभर मागे वळून पाहू लागले, मी दुसऱ्याच कोणाला हाक मारली असे समजून. त्याच दौऱ्यात आमच्या बाजूची मंडळी त्यांच्या पितृनामाला आडनाव समजून ‘मिस्टर’ लावत होती. वास्तविक रशियनमध्ये मान द्यायचा तर स्वतःचे नाव आणि वडिलांच्या नावापासून बनवलेले पितृनाम एकत्र घ्यायचे, जसे ‘व्लादिमीर इल्यिच’, म्हणजे इल्याचा मुलगा व्लादिमीर. मराठी माणसाच्या नावात मधे वडिलांचे नाव असतेच, पण ते कागदावर राहते. रशियन माणसाचे ते ओठांवर असते आणि आपल्या ‘राव’, ‘पंत’ किंवा ‘साहेब’ यांचे काम करते. आडनाव वेगळेच.

युक्रेनियन रूपाबद्दल एवढे सांगायला हवे की ‘व्होलोदिमिर’ हे रशियन नावाचे भाषांतर नाही आणि अपभ्रंशही नाही. पूर्वपदाच्या बाबतीत तर तेच मूळच्या पूर्व स्लाव उच्चाराला जवळचे आहे. उत्तरपदाच्या बाबतीत मात्र त्यानेही नवा अर्थच घेतला आहे, आणि ते स्वरावरून सिद्ध करता येते. युक्रेनियनमध्ये जुन्या ‘यात’चा नियमाने ‘ई’ होतो: रशियन ‘ख्लेब’ म्हणजे भाकरी-पाव, तर युक्रेनियन ‘ख्लीब’, रशियन ‘लेस’ म्हणजे जंगल, तर युक्रेनियन ‘लीस’. मूळचे ‘यात’ टिकले असते तर नावाच्या शेवटी हाच स्वच्छ ‘ई’ आला असता. आज तिथे इ-एच्या मधला, जरा दबका स्वर आहे, जो ‘मिर’ या शब्दातून आला. सोव्हिएत काळात युक्रेनमधील माणसाच्या ओळखपत्रावर दोन्ही भाषांत नोंदी असत, आणि एकच माणूस एका ओळीत व्लादिमीर आणि दुसऱ्या ओळीत व्होलोदिमिर असे. 1978 मध्ये क्रिवी रीह या शहरात रशियन बोलणाऱ्या घरात जन्मलेले झेलेन्स्की यांचेही नाव दोन्ही भाषांत दोन प्रकारे लिहिले जाते. आता या निवडीला राजकीय धार आली आहे, कारण दहाव्या शतकातील त्या राजपुत्रावर दोन्ही देश हक्क सांगतात: कीव्हमध्ये नदीकाठच्या टेकडीवर त्याचा पुतळा 1853 पासून उभा आहे, मॉस्कोत क्रेमलिनजवळ 2016 मध्ये उभारला गेला, त्याच्या नाण्यांवरील त्रिशूळासारखे चिन्ह युक्रेनचे राजचिन्ह आहे आणि तिथल्या चलनातील एक हृव्ह्नियाच्या नोटेवर त्याचेच चित्र होते.

संस्कृतशी नाते जोडणाऱ्यांना थोडे निराश करावे लागेल. ‘व्लाद’ला संस्कृतात निर्विवाद म्हणावा असा सोयरा नाही. ‘बल’शी त्याचा संबंध लावण्याचा मोह होतो, पण स्लाव ‘व’ला संस्कृतात ‘व’च भेटतो, जसा रशियन ‘व्दोवा’ आणि आपली ‘विधवा’ यांत, ‘ब’ नव्हे. ‘शांतता’ या अर्थाच्या ‘मिर’चे नाते ‘मित्र’ शब्दाच्या धातूशी अनेक विद्वान जोडतात आणि ते पटण्यासारखे आहे, पण वर सांगितल्याप्रमाणे तो ‘मिर’ या नावात मागाहून आला. खरे नाते शोधायचे तर नाव बांधण्याच्या पद्धतीत शोधावे. दोन पदे जोडून, त्यांतल्या एकात बहुधा कीर्ती, सत्ता किंवा देव घालून नाव रचायचे, ही रीत दोन्हीकडे एकाच प्राचीन वारशातून आली. ऋग्वेदात ‘पृथुश्रवस्’ आणि ‘सुश्रवस्’ ही नावे आहेत; त्यांतल्या ‘श्रवस्’चा तंतोतंत जुळा स्लाव भाषांत ‘स्लोवो’, म्हणजे शब्द, हा आहे, आणि स्व्यातोस्लाव्ह, यारोस्लाव्ह या नावांतला ‘स्लाव्ह’ त्याच कुळातला. ‘बोग्दान’ म्हणजे देवाने दिलेला. त्यातल्या ‘बोग’चे नाते आपल्या ‘भग’ आणि ‘भगवान’शी आहे, आणि महाभारतातला ‘भगदत्त’ आठवला की दोन्ही नावे एकाच हाताने ठेवल्यासारखी वाटतात.

उच्चाराबद्दल एक सूचना. रशियनमध्ये आघात मधल्या ‘दि’वर आहे आणि शेवटचा स्वर आखूड आहे, म्हणून मराठीत काटेकोरपणे लिहायचे तर ‘व्लदीमिर’ असे होईल. परंतु ‘व्लादिमीर’ हे लेखन आपल्याकडे इतके रूढ आहे की ते बदलून वाचकाला अडखळवू नये असे मला वाटते. युक्रेनियन व्यक्तीसाठी मात्र ‘व्होलोदिमिर’च लिहावे, आणि दहाव्या शतकातील राजपुत्रासाठी ज्या देशाचा इतिहास आपण अनुवादित करत आहात त्याचे रूप वापरून दुसरे रूप पहिल्या उल्लेखात एकदा सांगावे. तळटीप अशी देता येईल: ‘व्लादिमीर, युक्रेनियन व्होलोदिमिर: मूळ अर्थ सत्तेने थोर, राज्यकारभारासाठी ख्यातकीर्त, उत्तरपदाच्या जागी जग किंवा शांतता या अर्थाचा मिर हा शब्द ऐकू येऊ लागल्याने जगाचा स्वामी हा अर्थ पुढे रूढ झाला.’